हातचा एक

२२ डिसेंबर २०२४, रविवार

आज रामानुजनांची जयंती, म्हणजे राष्ट्रीय गणित दिवस. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सातलाच तो ठरलेला आकड्यांचा मनोरा आला. १ चा वर्ग १, ११ चा १२१, १११ चा १२३२१, असं उतरत उतरत शेवटी नऊ एकांचा वर्ग: १२३४५६७८९८७६५४३२१. खाली जोडलेले हात आणि गुलाबाची फुलं. दर वर्षी येतो हा मनोरा. सगळे अंगठा दाखवतात आणि पुढे सरकतात. हे असं का होतं, किंवा दहा एक घेतले तर काय होईल, हे कुणी विचारत नाही.

हे चहा पिता पिता म्हणाले, "तू विचार. तुला आता वेळच वेळ आहे." बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला हे वाक्य दिवसातून एकदा ऐकावंच लागतं.

दुपारी कपाटातून हार्डीचं 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' काढलं. १९४० सालचं पुस्तक. रामानुजनांना केंब्रिजला नेणारा तो हाच. त्याने त्यात ८७१२ आणि ९८०१ यांची टर उडवली आहे. आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत येणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच: ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. हार्डीच्या मते हे कोड्यांच्या सदराला शोभणारं, गणितज्ञाला त्यात काही नाही. असल्या गोष्टी जिथल्या तिथे राहतात, त्यांतून व्यापक असं काही हाती येत नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप. आमचा मनोरा त्याने कोणत्या टोपलीत टाकला असता, हे सांगायला नकोच.

२४ डिसेंबर, मंगळवार

गुणाकार वहीत मांडला. चौकटीची वही नातीची, मुक्ताची, नववीतली. नऊ एकांची ओळ, तिच्याखाली तीच ओळ एक घर डावीकडे सरकवून, अशा नऊ ओळी. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक पडतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या, नवव्या रकान्यात नऊ, आणि तिथून पुन्हा आठ, सात, सहा. रकान्यातले एक मोजले की तेच उत्तर. एवढाच या जिन्याचा कारभार.

यात कुठेही हातचा धरावा लागत नाही. सगळ्यात भरलेला रकाना नऊचा, आणि नऊ एका घरात मावतात. शिवाय वहीत नऊ ओळींत नऊ-नऊ, म्हणजे एकूण ८१ एक लिहिले गेले. हातचा नसल्यामुळे त्यातला एकही हरवला नाही. म्हणून उत्तराच्या अंकांची बेरीज ८१.

संख्या वाचायची कशी? आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. फार देखणं दिसतं. पण 'लीलावती'तली दहादहापटीची नावं लावली की आणखी मजा. भास्कराचार्यांच्या उतरंडीत ही संख्या एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद अशी चढते आणि आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक अशी उतरते. शेवटचं नाव परार्ध, सतरा शून्यांचं. आपली संख्या त्याच्या एक पायरी अलीकडे थांबते.

मुक्ताला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजी, हे पाठांतराला आलं तर मी शाळा सोडीन."

२८ डिसेंबर, शनिवार

आज अवयव. दिसणं एक आणि घडण दुसरी. मनोरे पाठवणारे दिसण्यावर थांबतात.

नऊ एक म्हणजे तीन-तीन एकांचे तीन गट. म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. यातले १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. सगळं मिळून ९ × ३७ × ३३३६६७. वर्ग केला की ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. विभाजक मोजले तर पाच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ४५.

३३३६६७ मूळ आहे का? वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायचं तर शंभरावर भागाकार. पण इथे आडवाट आहे. ३३३६६७ ला भागणारी कुठलीही मूळ संख्या ९९९९९९९९९ लाही भागणार, आणि तिच्या व्यस्तात नेमके नऊ अंक फिरून फिरून येणार. त्यामुळे ती १८ च्या पटीपेक्षा एकाने मोठी असायला हवी: १९, ३७, ७३, १०९, १२७ अशा. ५७७ पर्यंत अशा सतराच मूळ संख्या आहेत. एकीनेही भाग जात नाही. जेवायच्या आत काम संपलं.

आणि मग ही दोन बिऱ्हाडं किती जवळची निघाली! १ ला ३७ ने भागा: ०.०२७०२७०२७… तीन अंक फिरत राहतात. १ ला ३३३६६७ ने भागा: ०.०००००२९९७०००००२९९७… नऊ अंक फिरतात. तीन अंकांचं आवर्तन देणारी मूळ संख्या ३७ सोडून दुसरी नाहीच, आणि नऊ अंकांचं देणारी ३३३६६७ सोडून दुसरी नाही.

दोघींचा गुणाकार १२३४५६७९. मधला ८ गायब. हीच संख्या ८१ ने भागताना येते: १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… हा आठ कुणी खाल्ला? खरं तर दशांशात १, २, ३ असे ओळीने येत ८, ९, १० यायचे असतात. पण १० एका घरात मावत नाही, हातचा एक डावीकडे जातो. तिथल्या ९ चे १० होतात, म्हणून आणखी एक हातचा, आणि ८ चा ९ होतो. आठ कुणी खाल्लेला नाही, त्याला बढती मिळाली आहे.

१ जानेवारी २०२५, बुधवार

२०२५ = ४५ × ४५. आणि २० + २५ = ४५. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळची संख्या परत येते, तिला जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३ या तशा. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. आमच्या पिढीत कुणाला असं वर्ष पुन्हा मिळणार नाही, पुढचं ३०२५.

५ जानेवारी, रविवार

ह्यांनी लॅपटॉपवरच्या स्प्रेडशीटमध्ये नऊ एकांचा वर्ग काढला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गेले, त्यांच्या जागी दोन शून्यं. ह्यांना वाटलं यंत्र बिघडलं. बिघडलेलं नाही, ते पंधरा अंकांपलीकडे हमी घेत नाही. आत सगळं द्विमान पद्धतीत चालतं आणि संख्येच्या अंकांसाठी ५३ घरं असतात. ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे दोनाचा ५३ वा घात, इथवर प्रत्येक पूर्ण संख्येला जागा आहे. तिच्या पुढे दुपटीपर्यंत फक्त सम संख्यांना. आपली संख्या त्या पट्ट्यात येते आणि विषम आहे, म्हणजे तिला त्या घरात जागाच नाही.

मुक्ताने पायथनमध्ये एका ओळीत काढून दाखवलं, सतराही अंक बरोबर. पायथन पूर्ण संख्येला लागतील तेवढी घरं देतो. बँकेत आयुष्यभर शेवटच्या पैशापर्यंत ताळा जुळवला, त्यामुळे ही दोन शून्यं मला दिवसभर बोचत राहिली.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ देऊन-घेऊन संपल्यावर संध्याकाळी 'गणितसारसंग्रह'. महावीराचार्य, नववं शतक, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला जैन गणिती. ग्रुपवरच्या मंडळींना 'प्राचीन' हवं असेल तर हे घ्या, नाव-गाव असलेलं. गुणाकाराच्या प्रकरणात त्याने मुद्दाम अशी उदाहरणं घातली आहेत की उत्तर कंठ्यासारखं, दोन्ही बाजूंनी सारखं यावं. १३९ × १०९ = १५१५१. १५२२०७ × ७३ = ११११११११. १२३४५६७९ × ९ = १११११११११. परवाची माझी आठ नसलेली संख्या त्याच्याकडे साडेअकराशे वर्षांपूर्वी हजर होती.

आणि एक: २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१. हा सहा एकांचा वर्ग. याला त्याने 'एकापासून सहापर्यंत वाढणारी आणि मग क्रमाने उतरणारी' अशा अर्थाचं वर्णन दिलं आहे. नऊपर्यंत का गेला नाही? माझा अंदाज असा की शिक्षकाला सहाच सोयीचे. १११११ मूळ अवयवांत फुटतो तो ४१ × २७१ असा, आडमुठा. सात एकांचा २३९ × ४६४९, तोही तसाच. पण सहा एकांचे अवयव ३, ७, ११, १३, ३७. केवढी बाजारपेठ! ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, आणि २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा, म्हणजे ११ × १३ × ३७ चा. विद्यार्थ्याला वर्गाचा वासही न येऊ देता वर्ग काढून घेतला आहे. उदाहरण रचणं हीही एक कलाच आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा आज जन्मदिवस. १९०५, डहाणू. ठाण्यात शाळा, पुण्यात फर्ग्युसन, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक. मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे नाव सर्वदूर पोचलं, तेही मार्टिन गार्डनरने १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर. तोवर इथल्या पुष्कळ प्राध्यापकांनी त्यांना करमणूक करणारे मास्तर यापलीकडे मोजलं नाही.

आमच्या मनोऱ्याला त्यांनी १९३८ सालीच नाव दिलं होतं: डेम्लो संख्या. जी.आय.पी. रेल्वेच्या, मुंबईपासून तीस मैलांवरच्या स्टेशनात ही कल्पना सुचली म्हणून स्टेशनाचं नाव. ते स्टेशन म्हणजे आमची डोंबिवली, असं सांगतात. आज तिथल्या पुलावर उभं राहून कुणाला काही सुचेल असं वाटत नाही. सुचलंच तर लिहायला कोपर हलवता येणार नाही.

डेम्लोची व्याख्या अशी. संख्येचे तीन भाग करायचे. मधल्या भागात एकच अंक, हवा तितक्या वेळा. पहिल्या आणि शेवटच्या भागाची बेरीज केली की तोच अंक ओळीने यायला हवा. १६५ घ्या: १ + ५ = ६, आणि मध्ये ६. आपल्या संख्येत डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये ९. मनोऱ्यातल्या संख्यांना त्यांनी 'वंडरफुल डेम्लो' म्हटलं.

त्यांचीच दुसरी कल्पना हर्षद संख्यांची: अंकांच्या बेरजेने ज्यांना पूर्ण भाग जातो त्या. मनोऱ्यातल्या नऊही संख्या तपासल्या. अंकांच्या बेरजा १, ४, ९, १६, २५… अशाच, म्हणजे वर्गांच्या. शेवटी १ असलेल्या संख्येला ४ ने, १६ ने, २५ ने भाग जायचा प्रश्नच नाही. ४९ चालत नाही, कारण सात एकांना ७ ने भाग जात नाही. राहिले तीन: १ (तो तर फुकटचा), १२३२१ आणि आपली संख्या, जिला ८१ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे ही एकाच वेळी डेम्लोही आणि हर्षदही. मास्तरांनी हे पाहिलं असणार. असल्या गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नसत.

२६ जानेवारी, रविवार

मुक्ता सुट्टीला आली होती. झेंडावंदन करून आली आणि थेट म्हणाली, "आजी, दहा एक."

पुन्हा चौकटीची वही. या वेळी मधल्या रकान्यात दहा एक पडतात. शून्य लिहायचं, हातचा एक. तो डावीकडच्या नवात मिळतो, पुन्हा दहा, पुन्हा शून्य, हातचा एक. तो आठात मिळतो आणि नऊ होतात. तिथे लोण थांबतं. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. जिना मोडला. डावीकडे ८ नाही. ८१ च्या भागाकारात जे झालं तेच इथे.

अंकांची बेरीज शंभर यायला हवी होती, कारण वहीत शंभर एक लिहिले. आली ८२. प्रत्येक हातच्याला एका घरातले दहा जातात आणि दुसऱ्यात एक येतो, म्हणजे नऊचा तोटा. हातचे दोन, तोटा अठरा. खातं जुळलं.

"मग ही संख्या बादच," मुक्ता म्हणाली. मी पेन खाली ठेवणार होते. पण २०२५ डोक्यात होतं, म्हणून उजवीकडचे दहा अंक तोडले. एका बाजूला १२३४५६७९०, दुसऱ्या बाजूला ०९८७६५४३२१. बेरीज करायला तिलाच सांगितली.

१११११११११.. एक, दोन, तीन, ती बोट ठेवून मोजत गेली. दहा एक!

म्हणजे दहा एकांची ११११११११११ ही कापरेकर संख्या. जिथे जिना मोडतो तिथेच.

मग कारण शोधलं. दहा एकांतून एक वजा केला की १११११११११०, ज्यात एकूण नऊ एक, म्हणून ९ ने भाग जातो. बस, एवढंच पुरतं. दहा एकांचा वर्ग आणि दहा एक यांच्यातला फरक म्हणजे दहा एक आणि ही एकाने कमी संख्या यांचा गुणाकार, आणि त्याला नऊ गुणिले दहा एक, म्हणजे दहा नवांच्या संख्येने, पूर्ण भाग जातो. दहा-दहा अंकांचे तुकडे करून बेरीज घेणं म्हणजे दहा नवांनी भागून बाकी काढणंच. बाकी दहा एक.

१ फेब्रुवारी, शनिवार

अर्थसंकल्प. ह्यांनी दिवसभर टीव्ही लावून ठेवला. खर्चाचा आकडा पन्नास लाख कोटींच्या वर. आपली संख्या रुपयांत घेतली तर १२,३४५ लाख कोटी, म्हणजे असे दोनशे चाळीसेक अर्थसंकल्प. ह्यांना सांगितलं, त्यांनी आवाज वाढवला.

२ फेब्रुवारी, रविवार

हार्डीचा आक्षेप मनातून जात नव्हता. दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दिसणारी ही गंमत आहे की आणखी काही?

जिन्याचं उत्तर सोपं निघालं. रकान्यातले एक मोजणं हे कुठल्याही पद्धतीत तसंच होतं. फक्त किती एकांपर्यंत हातचा येणार नाही, ते बदलतं. आठाच्या पद्धतीत जिना सातापर्यंत चढतो, सोळाच्या पद्धतीत पंधरापर्यंत. संगणकवाल्यांच्या त्या द्विमानात ११ चा वर्गच १००१, म्हणजे पहिल्याच पायरीला पाय घसरतो.

पण हर्षद? कापरेकर? तेही दहाचे मिंधे नाहीत. तीनाच्या पद्धतीत करून पाहिलं, तिथे अंक ०, १, २ एवढेच. दोन एक म्हणजे आपले ४. वर्ग १६, तीनाच्या पद्धतीत १२१. अंकांची बेरीज ४, आणि १६ ला ४ ने भाग जातो. हर्षद. आता तीन एक, म्हणजे आपले १३. वर्ग १६९, तिकडे २००२१. जिना मोडला. उजवीकडचे तीन अंक तोडले: २० आणि ०२१, म्हणजे आपले ६ आणि ७. बेरीज १३.

मग अक्षरं घेऊन सिद्धता लिहिली, अर्ध्या पानाची. पद्धत कुठलीही असो, तिच्या सर्वांत मोठ्या अंकाइतके एक घेतले की जिन्याचा माथा येतो आणि तो हर्षद असतो. आणखी एक एक घेतला की जिना मोडतो आणि ती संख्या कापरेकर होते. प्रत्येक पद्धतीत. दोन्हींचं मूळ एकच: एकाखाली एक मांडलेला प्रत्येक स्थानमूल्याचा एक, सर्वांत मोठ्या अंकाने भागला की बाकी एक देतो. नवाच्या कसोटीचं तत्त्व तेच.

८७१२ बद्दल हार्डी म्हणाला ते त्याच्यापाशी राहो. या दहा एकांबद्दल मी त्याच्याशी भांडले असते.

९ फेब्रुवारी, रविवार

मुक्ताचा पुढचा प्रश्न: दहानंतर कापरेकर कोण? कारण हातात आहेच. एकांची संख्या ९ ने भागून बाकी १ यायला हवी. म्हणजे १०, १९, २८, ३७… एकोणीस एकांचा वर्ग तिने पायथनला विचारला: १२३४५६७९०१२३४५६७९००९८७६५४३२०९८७६५४३२१. उजवीकडचे एकोणीस अंक तोडून बेरीज केली, एकोणीस एक.

एकोणीस एकांची आणखी एक ओळख आहे. ती मूळ संख्या आहे. नुसत्या एकांनी बनलेल्या मूळ संख्या फार दुर्मीळ. ११ नंतर थेट हीच, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऑस्कर होपने ती सिद्ध केली, यंत्राशिवाय. तिच्यानंतर २३ एकांची, मग ३१७, मग १०३१. त्यापुढच्या ४९०८१ आणि ८६४५३ एकांच्या संख्या मूळ असल्याचं २०२२ आणि २०२३ साली सिद्ध झालं.

कापरेकर आणि मूळ, दोन्ही असणाऱ्या किती? यादी घेऊन बसलो. २ ची बाकी २. १९ ची १. २३ ची ५, ३१७ ची २, १०३१ ची ५, ४९०८१ ची ४, ८६४५३ ची ८. एकोणीसच तेवढी.

"पुढची?" मुक्ताने विचारलं.

पुढची १०९२९७ एकांची. २००७ साली सापडली. इतक्या लांब संख्येची सिद्धता हे फार वेळखाऊ काम, त्यामुळे तेव्हा तिच्याबद्दल 'बहुधा मूळ' इतकंच म्हटलं गेलं. १०९२९७ ला ९ ने भागलं. १२१४४, बाकी १.